कलम ७ आणि अकरा वर्षांची मुलगी: कराटे वर्गाच्या वार्षिक कराराचं एक प्रकरण

एका कराटे वर्गात वर्षाचा करार का आला, चौथ्या महिन्यात तो कुठे अडला आणि शेवटी नव्याने कसा लिहावा लागला, याचा हा अभ्यास. प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. अशा वर्गांमध्ये पुन्हा पुन्हा होणारे वाद एकाच घटनेत आणले आहेत, म्हणजे हिशोब शेवटपर्यंत मांडता येतो. रकमा कुठल्याही चलनात नाहीत. महिन्याची साधी फी १०० धरली आहे, बाकीचे आकडे त्या मापाने वाचावेत.

करार का आणावा लागला

पटावर ११२ विद्यार्थी, बहुतेक सात ते चौदा वयाचे. एक मुख्य प्रशिक्षक, दोन सहायक. आधीची पद्धत साधी होती: महिना भरा, महिना या. परीक्षांच्या दिवसांत आणि लांब सुट्टीत निम्मी मुलं गळायची. जागेचं भाडं आणि सहायकांचा पगार मात्र ठरल्या तारखेला द्यावाच लागायचा. दोन वर्षं असं काढल्यावर मुख्य प्रशिक्षकांनी वर्षाचा करार आणला. त्यात दोष देण्यासारखं काही नाही. ज्याला दरमहा ठरावीक खर्च आहे, तो ठरावीक उत्पन्न शोधणारच.

दर असे ठेवले: महिन्याला भरणाऱ्यांना १००, वर्षाचा करार करणाऱ्यांना महिन्याला ८५. प्रवेश ५०, त्यात ड्रेस. बेल्ट परीक्षेचे ४० वेगळे. वर्षभरात ७० जणांनी करार केला, ४२ जण महिन्यावर राहिले.

कराराचा मजकूर एका व्यायामशाळेच्या नमुन्यावरून घेतला होता. दोन पानं, नाव बदललेलं, ‘उपकरणे’ या शब्दाच्या जागी ‘प्रशिक्षण’. चूक इथेच सुरू झाली. व्यायामशाळेत माणूस यंत्रं वापरायचे पैसे देतो, आणि संध्याकाळी सहाला असलेलं यंत्र साडेसातलाही तेच असतं. कराटेचा वर्ग तसा नसतो. सहा वाजता पांढऱ्या-पिवळ्या बेल्टची दहा-अकरा वर्षांची मुलं एकत्र शिकत असतील, तर साडेसातच्या मोठ्यांच्या बॅचमध्ये घातलं की त्या मुलाला मिळणारी गोष्टच बदलते. जोडीदाराची उंची बदलते, कुमितेचा, म्हणजे जोडीने झुंजण्याचा, जोर बदलतो, शिकवणारा बदलतो. ‘वेळापत्रकात बदल करण्याचा अधिकार संस्थेकडे राहील’ हे वाक्य व्यायामशाळेत निरुपद्रवी असेल. इथे ते अख्खा करार पोकळ करतं.

ज्या कलमांवरून पुढे वाद झाला ती अशी:

कलम ४: हजेरी असो वा नसो, बारा महिन्यांचे हप्ते देय.
कलम ५: कोणत्याही कारणास्तव परतावा नाही.
कलम ७: एक हप्ता चुकल्यास उरलेल्या सर्व महिन्यांची रक्कम एकरकमी देय.
कलम ९: मुदत संपण्याआधी ६० दिवस लेखी सूचना न दिल्यास करार आपोआप आणखी १२ महिन्यांसाठी वाढेल.
कलम ११: वेळापत्रक, प्रशिक्षक व जागा बदलण्याचा अधिकार संस्थेकडे.

आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, एका प्रशिक्षकामागे किती मुलं, यांपैकी एकही गोष्ट दोन पानांत कुठेच नव्हती. पालकाने काय द्यायचं हे बारा कलमांत होतं आणि वर्गाने काय द्यायचं याला एकही कलम नव्हतं. या प्रकरणात जे काही बिघडलं त्याचं मूळ माझ्या मते याच रिकाम्या जागेत आहे. मुदत किती महिन्यांची, हा प्रश्न त्यानंतरचा.

चौथा महिना

मुलगी अकरा वर्षांची. एक दिवस वर्ग बघून झाला, मुलगी खुशीत होती, आईने तिथेच उभ्या उभ्या सही केली. चार महिने ती नियमित आली. परीक्षेचे ४० आगाऊ भरले होते.

तिसऱ्या महिन्यात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाचा उंचवटा असतो तिथे दुखायला लागलं. डॉक्टरांनी निदान केलं ओसगुड-श्लॅटर. वाढीच्या वयातल्या, उड्या-धावणं जास्त असणाऱ्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं: मांडीचा स्नायू जिथे नडगीला जोडला जातो त्या अजून कोवळ्या जागेवर सारखी ओढ बसते. बहुतेकांचं वाढ पूर्ण होता होता थांबतं, पण तोवर उड्या, खोल वाकलेल्या पवित्र्यातून उसळी आणि गुडघे टेकून बसणं यांनी ते भडकतं. कराटेच्या तासात या तिन्ही गोष्टी असतात. तासाची सुरुवात आणि शेवट सेइझात, गुडघे टेकून टाचांवर बसून, म्हणजे नेमक्या दुखऱ्या उंचवट्यावर वजन टाकून. डॉक्टरांनी दहा आठवडे उड्या आणि गुडघ्यावर बसणं बंद सांगितलं. हातांचं तंत्र, उभ्याने हळू काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, चालेल, असंही सांगितलं होतं.

त्याच महिन्यात एक सहायक सोडून गेला. सहाची बॅच साडेसातच्या बॅचमध्ये मिसळली. कळवलं ते दारावर कागद लावून.

आईने मेसेज केला: “सर, डॉक्टरांनी दहा आठवडे उड्या बंद सांगितल्या आहेत. आणि साडेसातची वेळ तिला झेपणार नाही. या महिन्यापासून हप्ता थांबवते.” त्याच दिवशी तिने बँकेतलं ऑटो-डेबिट बंद केलं.

उत्तर आलं: “मॅडम, करार वर्षाचा आहे. कलम ७ बघून घ्या.” चार दिवसांनी पत्र: उरलेले आठ हप्ते, ८ × ८५ = ६८०, पंधरा दिवसांत भरा.

दोन्ही बाजूंच्या चुका इथे सरळ दिसतात. आईने आधी लेखी सूचना देऊन, तिची पोच घेऊन मग डेबिट थांबवायला हवं होतं. हप्ता परत गेला की कागदावर ती थकबाकीदार ठरते, आणि बोलणं दुखण्याऐवजी थकबाकीवर येतं. डॉक्टरांचा कागदही तिने जोडला नव्हता. वर्गाची चूक त्याहून मोठी. मेसेजमध्ये दोन कारणं होती, एक तब्येतीचं आणि एक वर्गानेच केलेल्या बदलाचं. उत्तरात दोन्हींचा उल्लेख नाही. ज्या मुलीने चार महिन्यांत एकही तास चुकवला नाही, तिच्या गुडघ्याची चौकशीसुद्धा नाही.

६८० चा हिशोब

आईने तोवर ५० प्रवेश, ४ × ८५ = ३४० हप्ते आणि ४० परीक्षा फी, असे एकूण ४३० दिले होते. चार महिन्यांच्या शिकवणीसाठी ४३० देऊन वर ६८० ची मागणी. आता वर्गाचं खरं नुकसान किती?

मुलगी सुरुवातीपासून महिन्यावर असती, तर चार महिन्यांचे ४०० झाले असते. वर्षाच्या वचनावर तिला दरमहा १५ ची सूट मिळाली, चार महिन्यांत ६०. वचन मोडलं असं धरलं तर वर्गाने गमावलेली स्वच्छ रक्कम ही. त्यावर, जागा दुसऱ्याला द्यायला वेळ लागतो म्हणून एखाद्या महिन्याची नोटीस समजण्यासारखी आहे. उरलेल्या सात महिन्यांत तिला शिकवण्याचे कष्ट वर्गाला पडणार नाहीत, तिची जागा दुसऱ्याला देता येईल, तरी पैसे पूर्ण हवेत. मग ती भरपाई उरत नाही, तो दंड होतो. दोन्हींत फरक करण्याची रीत करारांच्या कायद्यात जुनी आहे.

कायदा ठिकाणागणिक बदलतो, म्हणून नमुना उतरवून घेण्यात दुहेरी धोका असतो. न्यूयॉर्क राज्यात व्यायामशाळांसाठीच्या ग्राहक कायद्याच्या व्याख्येत मार्शल आर्ट्स आणि स्वसंरक्षणाचे वर्ग नावानिशी धरले आहेत. तिथे सही केल्यावर तीन दिवसांत करार रद्द करता येतो आणि २५ मैलांपलीकडे राहायला गेल्यासही सुटता येतं. ब्रिटनमध्ये २०११ साली उच्च न्यायालयाने अ‍ॅशबॉर्न मॅनेजमेंट सर्व्हिसेस या कंपनीच्या व्यायामशाळा-करारांवर निकाल दिला. लोक उत्साहाच्या भरात सही करतात, त्यातले बरेच दोन-तीन महिन्यांत येणं थांबवतात आणि लांब मुदतीचे करार नेमके यावरच उभे आहेत, हे न्यायालयाने ओळखलं आणि वर्षापेक्षा लांब किमान मुदती अन्याय्य ठरवल्या. अल्पवयीन मुलाने स्वतः केलेला करार भारतात १९०३ च्या मोहरीबीबी निकालापासून मुळातच शून्य मानला जातो. इतर देशांत तो रद्द करण्याजोगा असतो किंवा काही अटींवर टिकतो. म्हणून करार पालकाशीच करायचा, आणि कागदावर ‘विद्यार्थ्याचा पालक म्हणून’ नव्हे तर ‘फी देणारा पक्ष म्हणून’ पालकाचं नाव लिहायचं. या वर्गाच्या कागदावर ‘सभासदाची सही’ या ओळीवर मुलीने स्वतःचं नाव गिरवलं होतं आणि आईची सही खाली साक्षीदाराच्या जागी होती. एवढ्या एका गोष्टीवर ६८० ची मागणी कोलमडू शकत होती.

न येणाऱ्यांची फी

वाद मिटवायला बसल्यावर हजेरीवही आणि जमाखर्च शेजारी शेजारी उघडले, तेव्हा त्या मुलीच्या पलीकडचं चित्र समोर आलं.

करारवाल्या ७० जणांपैकी १९ जण चार आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस वर्गात आलेच नव्हते. हप्ते येत होते.

महिन्याचं उत्पन्न: ७० × ८५ = ५९५० आणि ४२ × १०० = ४२००, एकूण १०१५०. खर्च: भाडं ३६००, प्रशिक्षकांचं मानधन ३८००, विमा-वीज-साहित्य ९००, एकूण ८३००. शिल्लक १८५०. आणि न येणाऱ्या १९ जणांचे १९ × ८५ = १६१५.

म्हणजे शिल्लक जवळपास सगळी गैरहजर मुलांची होती. वर्ग चांगला चालला आहे असं जे वाटत होतं, ते सोडून गेलेल्या मुलांच्या पैशांवर.

मार्शल आर्ट्सच्या वर्गांना वार्षिक कराराचा सर्वांत मोठा धोका हा आहे, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. महिन्याच्या फीमध्ये मूल कंटाळलं की पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला प्रशिक्षकाला कळतं. ते टोचतं, पण कळतं. मग तो विचार करतो: पिवळ्या बेल्टनंतरच मुलं का जातात? कुमिते सुरू झालं की मुली का थांबतात? करारात हा इशारा सात-आठ महिने दाबून राहतो. पैसे येत असतात, म्हणून कोणी विचारत नाही. या वहीत १९ पैकी ११ जण त्याच साडेसातच्या बॅचचे होते. बॅच मिसळण्याच्या आधीपासूनच तिथे काहीतरी बिनसलं होतं, आणि जमाखर्चात त्याची खूणही नव्हती.

उपाय छोटा आहे. करार असो वा नसो, सलग दोन आठवडे मूल आलं नाही की घरी फोन जायचा, आणि तो फोन फीबद्दल नसायचा. हजेरी रोज, बॅचनिहाय. महिन्याच्या शेवटी पटावर किती आणि मॅटवर किती, हे दोन आकडे एका ओळीत लिहायचे. त्यांच्यातलं अंतर वाढलं की आधी वर्ग तपासायचा.

समेट कसा झाला

पाच गोष्टी एका पानावर लिहून दोघांच्या सह्या झाल्या.

६८० ची मागणी मागे. ६० ची सूट-वसुलीही नाही, कारण बॅच वर्गाने बदलली होती. आधी हललं ते वर्गाचं वचन. परीक्षा झालीच नव्हती, म्हणून परीक्षेचे ४० परत. परत गेलेल्या हप्त्याचा दंड रद्द. मुलीला परत यायचं झाल्यास नव्याने प्रवेश फी नाही, आणि पहिले सहा आठवडे उड्या व सेइझा वगळून वर्ग, बसायचं तेव्हा मांडी घालून.

शेवटची अट आईने मागितली नव्हती. ती प्रशिक्षकांनी स्वतः घातली, आणि सगळ्या कागदात तीच सर्वांत कामाची होती. पहिल्या मेसेजलाच हे उत्तर गेलं असतं तर वाद झालाच नसता. डॉक्टरांनी हातांचं काम चालेल असं सांगितलं होतं. दहा आठवडे बैठं-उभं तंत्र, कात्याचा क्रम, पट्टा बांधणं, मोजणी, लहानांना मदत, असं बरंच काही शिकवण्यासारखं होतं.

नवा करार: आधी बाहेर पडण्याचं पान

नवा करार लिहिताना शेवटचं पान आधी लिहिलं. माणूस कसा बाहेर पडेल ते ठरलं की बाकीची कलमं आपोआप शहाणी होतात.

मुदतीआधी सोडायचं तर ३० दिवसांची लेखी सूचना. ठरलेल्या नंबरवरचा मेसेज किंवा ई-मेलही लेखी मानायचा, आणि वर्गाने दोन दिवसांत पोच द्यायची. त्या ३० दिवसांची फी लागू, मूल त्या काळात येऊ शकतं. त्याशिवाय द्यायची ती फक्त तोवर मिळालेली सूट, महिन्याला १५ प्रमाणे, आणि तीही जास्तीत जास्त १००. मुदत संपायला आली असेल तर सूट किंवा उरलेले हप्ते, यांत जे कमी ते. हे सूत्र म्हणून लिहिलं तर पालकांना कळत नाही, म्हणून कराराच्या मागच्या बाजूला सरळ आकडे छापले:

३ महिने झाल्यावर सोडल्यास ४५
४ महिने: ६०
६ महिने: ९०
७ ते १० महिने: १००
११ महिने: ८५

नोटिशीचा महिना मोजणीत धरायचा. म्हणजे चौथ्या महिन्याच्या अखेरीस सूचना दिली, तर पाचव्या महिन्याचे ८५ आणि पाच महिन्यांची सूट ७५, एकूण १६०. जुन्या कागदात हाच आकडा ६८० होता.

तीन कारणांसाठी नोटीसही नाही आणि वसुलीही नाही: सहा आठवड्यांहून जास्त काळ सराव बंद करणारं आजारपण वा दुखापत, इतकं लांब राहायला जाणं की वर्गाला येणं शक्य नाही, आणि वर्गाने केलेला मोठा बदल. ‘मोठा बदल’ म्हणजे काय, हेही लिहिलं: बॅचची वेळ ४५ मिनिटांपेक्षा जास्त सरकणं, वयोगट किंवा बेल्टगट मिसळणं, जागा बदलणं, मुख्य प्रशिक्षक सलग चार आठवडे नसणं. प्रत्येक बदलाची सूचना २१ दिवस आधी, प्रत्येक पालकाला स्वतंत्र. दारावरचा कागद सूचना मानायचा नाही.

खंड, ज्याला बरेच जण फ्रीज म्हणतात, वर्षातून दोनदा, एकूण १२ आठवड्यांपर्यंत. जितके आठवडे खंड तितकी मुदत पुढे, फी शून्य. डोक्याला मार लागला असेल तर नियम उलटा ठेवला: खंड सुरू व्हायला कसलाच कागद लागत नाही, परत यायला मात्र डॉक्टरांचा होकार लागतो. मेंदूला धक्का बसल्याची शंका असेल तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर नाही, आणि नंतरही पायरीपायरीने, प्रत्येक पायरीला किमान २४ तास देऊन, झुंज अगदी शेवटी. हप्ता वाया जातोय या भावनेने पालक मुलाला लवकर पाठवतात. फी चालूच राहणारा करार या घाईला हातभार लावतो. खंड फुकट ठेवण्यामागचं कारण हिशोबाचं कमी आणि हे जास्त.

मग पहिलं पान लिहिलं, दोन रकान्यांत. डावीकडे वर्ग काय देईल: आठवड्याला दोन तास, प्रत्येकी ६० मिनिटं; वर्षाला किमान ४४ आठवडे; एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त १८ मुलं, दहा वर्षांखालच्या बॅचमध्ये १२; बॅचचं नाव, वेळ, वयोगट; बंद राहण्याचे दिवस वर्षाच्या सुरुवातीला. उजवीकडे पालक काय देतील: हप्ता, तारीख, दुखण्याची माहिती, वेळेवर ने-आण. डावा रकाना उजव्यापेक्षा लांब असावा, एवढी एकच कसोटी ठेवली. तो लिहिताना प्रशिक्षकांना घाम फुटतो, कारण दुसरा सहायक गेला तर १८ चं प्रमाण पाळता येणार नाही हे तिथेच दिसतं. ते आधी दिसलेलं बरं.

जबाबदारी-मुक्तीचा मजकूर, फोटोची परवानगी आणि तब्येतीची माहिती हे तीन वेगळे कागद केले. जुन्या करारात ते फीच्या कलमांत मिसळलेले होते, म्हणजे फोटोला नाही म्हणायचं तर प्रवेशच घेता येत नव्हता. जबाबदारी-मुक्तीवर फार विसंबू नये. स्वतःच्या निष्काळजीपणाने झालेल्या इजेची जबाबदारी सही घेऊन झटकता येत नाही, असं ब्रिटनसह अनेक ठिकाणचा कायदा सांगतो. त्या कागदाचा खरा उपयोग पालकाला धोका समजावून सांगण्याचा आहे: कुमितेत ओठ फुटू शकतो, बोट मुडपू शकतं, कुठल्या वयापासून कुठली झुंज, कुठलं संरक्षक साहित्य सक्तीचं.

सहीची रीतही बदलली. दोन चाचणी वर्ग झाल्याशिवाय कागद द्यायचा नाही. कागद घरी न्यायचा, किमान दोन दिवस. सहीनंतर १४ दिवस विनाकारण रद्द करता येईल, झालेल्या तासांचे पैसे कापून. आपोआप बारा महिने वाढणारं कलम ९ गेलं. मुदत संपली की करार कराराच्याच दराने महिन्यावर येतो आणि कधीही थांबवता येतो. प्रशिक्षकांना भीती होती की सगळे तिथेच सोडतील. पण ज्याने बारा महिने सलग केले आहेत, तो फीच्या कागदामुळे थांबलेला नसतो.

शिस्त मोडेल, ही हरकत बरेच जुने शिक्षक घेतात. बांधिलकी हवीच, आणि ती कागदावर घेण्याची परंपराही मोठी आहे. जपानमधल्या जुन्या शाळांमध्ये बोटाच्या रक्ताचा ठसा देऊन शपथ घेत. कातोरी शिंतो-र्यू या जुन्या युद्धकला-परंपरेत ही प्रथा टिकून आहे. १८८२ मध्ये ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तिथल्या पाच कलमी शपथेतलं पहिलंच कलम असं की योग्य कारणाशिवाय अभ्यास मध्ये सोडणार नाही. ‘योग्य कारणाशिवाय’ हे दोन शब्द त्या शपथेतही होते. व्यायामशाळेच्या नमुन्यातून नेमके तेच गळून पडले होते.

जुने करार आणि घटलेली शिल्लक

करार बदलल्याने उत्पन्न घटतं, हे लपवण्यात अर्थ नाही. गैरहजर १९ घरांना फोन गेले. ७ मुलं परत आली, ३ जणांनी खंड घेतला, ९ जणांनी सोडलं. महिन्याचे १२ × ८५ = १०२० कमी झाले, शिल्लक ८३० वर आली. दुसरा सहायक मिळाल्यावर सहाची बॅच पुन्हा वेगळी केली, तो खर्च मानधनाच्या ३८०० मध्ये आधीच धरलेला होता. नूतनीकरणाला करारवाल्यांचा दर ८५ ऐवजी ९० ठेवला, उरलेल्या ५८ जणांमागे २९०, शिल्लक ११२०. आधीपेक्षा कमी, पण या वेळी मॅटवर येणाऱ्या मुलांची. दर ९० झाल्यावर सूट १० ची उरते, म्हणून मागच्या पानावरचा तक्ताही बदलावा लागतो: ४ महिन्यांना ४०, ६ ला ६०, ११ ला ९०. तो बदलायचा राहून जातो आणि पुढचा वाद तिथून निघतो.

सहा कुटुंबांचा प्रश्न अवघड होता. त्यांनी ३६ महिन्यांचा ‘ब्लॅक बेल्टपर्यंत’ असा करार केला होता. असा कागद कुठल्याच वर्गाने करू नये. मूल तीन वर्षांत तयार झालं नाही तर एक तर बेल्टचा दर्जा उतरवावा लागतो, नाही तर पैसे घेऊन दिलेलं वचन मोडावं लागतं. शिवाय कित्येक संस्थांमध्ये लहान वयाला मोठ्यांचा ब्लॅक बेल्ट मिळतच नाही. तायक्वांदोच्या कुक्किवॉन या मुख्य संस्थेत १५ वर्षांखालच्यांना दान (मोठ्यांची ब्लॅक बेल्टची श्रेणी) ऐवजी पूम ही मुलांची श्रेणी दिली जाते. करार करताना हे एकाही पालकाला सांगितलेलं नव्हतं.

चौघांनी नवा वार्षिक करार घेतला. त्यांनी जास्त भरलेली रक्कम पुढच्या हप्त्यांत वळती केली. दोघांनी जुनाच ठेवला, कारण त्यांचा दर ७५ होता आणि तो सोडायचा नव्हता (वरच्या हिशोबात सोयीसाठी हा फरक धरलेला नाही). त्या दोन कागदांना एक पुरवणी जोडली आहे: कलम ५, ७ आणि ११ लागू होणार नाहीत, बाहेर पडण्याचं नवं पान लागू, सूट-वसुली दरमहा २५ प्रमाणे पण कमाल १००, आणि ३६ महिन्यांत किती परीक्षांना बसता येईल ते लिहिलं आहे, कुठला बेल्ट मिळेल ते नाही. पुरवणीवर तारीख, दोन्ही पक्षांच्या सह्या आणि मूळ कराराचा क्रमांक आहे, आणि एक प्रत पालकांच्या हातात.